कशिशची नळी आणि माझी देखरेख

४ नोव्हेंबर, सकाळ
मेहरुनबी, तू हे विसरणार. काल चहात मीठ घातलंस आणि दिवसभर दूधवाल्याला बोल लावलास. म्हणून रोज फोनात बोलून ठेवायचं. अक्षरं त्याची, अक्कल माझी. दुसऱ्या कुणी ऐकायचं न्हाई.
नात कशिश सांगलीच्या कॉलेजातनं नळी घेऊन कोरेगावात आलीय. तिथली लॅब दुरुस्तीला बंद. काचेसारखी नळी जिन्याला उभी बांधलीय. ड्रममधलं पाणी पंपानं वर चढतं, खालनं ती हवा सोडती आणि बुडबुड्यांचे फोटो काढती. म्हणाली, "दादी, पाण्यातले भोवरे बुडबुड्यांना दाटीतनं मोकळ्या जागी ढकलतात. किती ढकलतात, तो आकडा कम्प्युटरात बरोबर बसला पायजे." वीस तारखेला हे सगळं कॉलेजात द्यायचंय. हुकलं तर ठरलेली नोकरी गेली.
देखरेख माझ्याकडं. काळजी मिटली.

७ नोव्हेंबर
नळीवर बोरिंगच्या पाण्याचा पांढरा थर. कशिश झोपलेली. ड्रममध्ये वाटीभर रिठ्याचं पाणी सोडलं. माझ्या शाली त्यानंच स्वच्छ निघतात. सांगायचं काय त्यात.

१० नोव्हेंबर
बुडबुडे मोहरीएवढे झालेत, एकमेकांत मिसळत न्हाईत. मला लय गोड दिसतात. कशिश म्हणती, कम्प्युटर एक सांगतो, नळी दुसरंच. आकडा बदलती, परत बदलती. जेवली न्हाई. म्हटलं, कम्प्युटरलाच कणकण आली आसंल. हसली न्हाई.

१३ नोव्हेंबर
रिठ्यानं आसं व्हत न्हाई. तरी उद्या सांगणार. पक्कं.

१४ नोव्हेंबर
आज जुम्मा. चांगल्या दिवशी नको.

१६ नोव्हेंबर, दुपार
पोरगी दोन दिवस उपाशी, डोळे सुजलेले. गुपचूप दोन बादल्या ताजं पाणी ओतलं, म्हटलं सुधारंल. ड्रमावर हा फेस.
तिनं बोट बुडवलं, हुंगलं.
"दादी, काय घातलंस?"
"काय न्हाई."
"दादी."
"रिठा. वाटी लहान व्हती."
"कवा?"
"सातला."
नऊ दिवसांचे फोटो वाया. ओरडली आसती तर बरं झालं आसतं. पायरीवर बसून कम्प्युटरातनं एकेक फोटो पुसत राहिली.

१८ नोव्हेंबर
लॅब अर्धीच उघडलीय, तरी कशिशनं नळी टेम्पोत घालून सांगलीला नेली. म्हटलं, मी येते मदतीला. टेम्पो निघालाच.

२१ नोव्हेंबर
तारीख हुकली. नोकरी दुसऱ्या कुणाला दिली, तिचा बाप वाजिद सांगत व्हता. पोरगी पुन्हा पहिल्यापासून मोजती. बापाचा फोन उचलती, माझा न्हाई.
उद्या वाजिद सांगलीला जातोय. त्याच्याकडं दहा कडक भाकरी आणि डबाभर शेंगदाण्याची चटणी द्यायची, लसूण सढळ. कशिशच्या आईनं केलीय म्हणून सांगायचं.