रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा

शहापूर, बेळगाव
रविवार, १२ जानेवारी १९३०

आज नातीचं नाव ठेवलं. घर दोन खोल्यांचं. पाळणा आला की माझी खाट नडणार. म्हणून उचगावच्या रिकाम्या घरी राहायला जायचं मीच ठरवलं, पेटीही भरली.

सून म्हणाली, "आप्पा, कुठं निघालासा? पोरीचं नाव रहोबोथ ठेवलंय न्हवं?"

बायबलातल्या इसहाकाच्या दोन विहिरी भांडणात गेल्या. तिसरीवर कुणी भांडलं नाही, तीच रहोबोथ. ऐसपैस जागा. सुनेनं हे नाव माझ्यासाठी शोधलं?

"पाळणा तुमच्या खाटेपाशीच बांधलाय. शाळेत शिकवलेल्या कविता आता तिला ऐकवा. आमचे कान सुटले!"

नाव चालीवर म्हणून पाहिलं. गोड लागतं.

देवा, उपकार तुझे. खाटेवरून हात लांबवला की पाळण्याची दोरी लागते.