आशा सोडल्याचे फायदे

३ मार्च
आणि वर मलाच विचारते, येणार की नाही ते एकदाच सांग! ताई म्हणजे अशी. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन वीस तारखेला. पट्टी सुटताना समोर मी हवा म्हणे तिला. दोन वर्षं परदेशातून घरी गेलो नाही, कबूल. पण लॉन्ड्रीतून एका वेळी एकालाच सुट्टी मिळते, त्याला मी काय करू? उद्या अर्ज देतो. नक्की.

५ मार्च
अर्ज दिला नाही. कारण मोठं आहे. खोलीतले इस्त्रीवाले काका, आम्ही त्यांना स्मशानकाका म्हणतो, जेवताना बोलले. माणूस जन्मला तिथेच फसला. आशा धरली की दुःख, सोडली की सुटलो. घरी जाऊन काय, निघताना पुन्हा रडारडच. इतकं खरं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. छाती हलकी झाली. आजपासून आशा बंद.

८ मार्च, सकाळी
फरक पडतोय. काल चादरीवर डाग राहिला म्हणून सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. काहीच वाटलं नाही. म्हणजे झोपेपर्यंत वाटलं, मग नाही.

११ मार्च
आईलाही फायदा व्हावा म्हणून फोन केला. म्हटलं, दिसेल अशी आशाच धरू नकोस, म्हणजे नाही दिसलं तरी त्रास नाही. फोन स्पीकरवर होता. ताई ओरडली, गाढवा, ती आधीच घाबरलीये! आई मात्र हसली. म्हणाली, एवढं लांबण कशाला लावतोस बाळा, येत नाही म्हण की.
खोल बोललेलं लोकांना झेपत नाही.

१४ मार्च
स्मशानकाकांची सुट्टी मंजूर! सुपरवायझर म्हणाला, त्यांनी सहा तारखेलाच अर्ज दिलाय, तू झोपला होतास का? सहा! मला आशा सोडायला लावून दुसऱ्याच दिवशी. जाब विचारला. काका म्हणाले, अरे, नात झालीये, बघायला नको? ते आपलं बोलून बरं वाटतं. तू खरं धरलंस?
आजपासून त्यांच्याशी बोलणं बंद.

१६ मार्च
बोलावं लागलं. त्यांच्या बॅगेची चेन लागेना. वर बसायला कुणीतरी हवं होतं. बसलो.

२१ मार्च
पट्टी सुटली. आईला स्वच्छ दिसतंय. व्हिडिओवर मला बघून म्हणाली, दाढी कर. नंतर ताई हळूच म्हणाली, डोळा उघडल्यावर आधी दाराकडेच बघत होती, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं, मला कसलं, मी आशा धरलीच नव्हती.
मग शर्टांखालचं पाकीट काढलं. त्याबद्दल इथेही लिहिलं नव्हतं. ताईला पाठवून टाकतोय. जायचं आणि परत यायचं, दोन्ही विमानतिकिटांसाठी साठवलेले मिळून एकतीस हजार दोनशे.