तुमच्या हाताचं माप

जाब्रिया, कुवेत
१४ मार्च १९८३

श्री. जयप्रकाशराव यांस,

नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. कुसुम सुखरूप पोचली. तिने आणलेलं मेतकूट आणि तुमची चिठ्ठी दोन्ही मिळालं. उत्तराला वेळ लागला, कारण तुमचं काम मी मनावर घेतलं होतं.

वडिलांच्या वेळचं ते जड रिव्हॉल्वर हाताला फार झटका देतं, चांगली मूठ पाठवा, असं तुम्ही लिहिलंत. चपलांसाठी लोक कागदावर पाऊल काढून पाठवतात, तसा तुम्ही पेन्सिलीने हाताचा पंजा काढून पाठवलात, कुसुमच्याच पर्समधून.

शुक्रवारी अम्गऱ्याला मुस्तफाभाईंकडे गेले. रत्नागिरीचे सुतार, शिकारी बंदुकांचे दस्ते करतात. त्यांनी समजावलं, शिसवीची गुळगुळीत मूठ दिसते छान, पण जोराच्या झटक्याला हातात फिरते. बारीक असली तर सगळा मार अंगठ्याच्या बेचक्यात बसतो, फार जाड असली तर बोट चापापर्यंत पोचत नाही. चापामागची पोकळी भरणारी रबराची घ्यावी. मग तुमचा कागद बघून म्हणाले, "बाई, या माणसाची करंगळी वाकडी हाय. ती लांबच ऱ्हाणार."

मी कागद घेऊन घरी आले.

हॉस्पिटलात वीस वर्षं मी रुग्णांच्या दुखऱ्या हातांवरच काम करते. कुसुमच्या दंडावरचे चार हिरवट डाग मला पहिल्याच दिवशी दिसले होते. बाथरूममध्ये पडले, म्हणाली. आता तिला खिडकीशी बसवलं, तुमचा पंजा कातरला आणि डागांवर ठेवला. तीन बोटं लगतची, चौथं फटकून. तसंच्या तसं.

तिने कागद उचलून हातात घेतला. मग म्हणाली, "ताई, तो मीच जपून आणला गं."

कॉन्व्हेंटात ती पियानोला बसली की सिस्टर वऱ्हांड्यात थांबून ऐकायच्या. तुमच्या संसारात बावीस वर्षं तिने काय ऐकलं, ते आता वकील लिहितील.

एक दुपार वाटलं, बारीक, गुळगुळीत मूठच पाठवावी. प्रत्येक गोळीला तुमच्या बेचक्याची साल निघेल. मुस्तफाभाईंना तशी करायला सांगूनही आले होते. पण तेवढ्याने माझं भागलं नसतं.

इथल्या डॉक्टरांनी डागांचे फोटो काढून दाखला दिला. त्या दाखल्याला तुमचा पंजा जोडला आहे. त्यावर तुमच्याच अक्षरात नाव आणि 'उजवा हात' आहे. एक प्रत वकिलांकडे गेली, एक तिकडच्या बंदूक-परवान्याच्या कचेरीत. त्या आधी पोचाव्यात म्हणून हे पत्र मी चार दिवस अडवून ठेवलं. रिव्हॉल्वर न्यायला माणसं दारात येतील, ते मनाशी पाहून मला आनंद होतो. हे पाप आहे, मला ठाऊक आहे. कबुली तुमच्याचपाशी देते.

कुसुमचं परतीचं तिकीट तिने काल स्वतः परत केलं. व्हिसा संपला की ती पुण्यात माझ्या घरी राहील. किल्ली तिला दिली आहे.

शेवटी 'लोभ असावा' लिहायची हाताला सवय आहे. आज हात आवरते.

कुसुमची थोरली बहीण,
विजया