दाराकडे बघून घेतलेला घास

१२ मे, रविवार. पुंगोल, सिंगापूर.

मला लिहिता येत नाही, मोबाइल ऐकून लिहितो. नीट लिही रे बाबा.

शेजारची गोरी म्हातारी, मार्गारेट, आज जेवायला आली. तांदळाची घट्ट उकड केली होती. चमचा ठेवला, पण बाईने आधी दाराकडे बघितलं आणि हातच घातला! गोळा वळला, अंगठ्याने खळगा पाडला, आमटीत बुडवला. म्हटलं, "अगं, मोदक करतेस की काय?"

नात मीराने तिचं बोलणं मराठीत सांगितलं. आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा हिच्या बापाचा मोठा मळा होता. स्वयंपाकाला तिथलीच एक काळी बाई. तिच्याजवळ बसून ही चोरून मक्याची उकड खायची, हाताने. एकदा आई दारात येऊन उभी राहिली. त्याच दिवशी त्या बाईला काढून टाकलं.

"शी स्टिल चेक्स द डोअर, लाह," मीरा इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत हळूच म्हणाली, मग मला मराठीत सांगितलं.

ऐंशीची झाली, आई कधीच गेली, तरी दाराकडे बघते! वेडी कुठली.

उद्या मुलगा, सून, मीरा सगळे बाहेर. तिला पुन्हा बोलावते. दाराकडे पाठ करून बसवीन. दारावर नजर मी ठेवीन, मला रोजची सवय आहे. संध्याकाळपर्यंत तिथून कोणी येत नाही.