बाबांच्या अंगठ्याचा ठसा

रविवार, रात्र

बाबा गेल्यापासून पडून असलेल्या त्यांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन आज जोडायला घेतलं. जोडाच्या कडेला तेल गळू नये म्हणून त्यांनी लावलेलं सीलंट वाळून कडक झालं होतं. खरवडताना त्यात त्यांच्या अंगठ्याचा ठसा दिसला. रेघ न् रेघ. ब्रश त्यांना कधी पटलाच नाही, अंगठ्यानेच दाबत न्यायचे.

बसून राहिलो. वाईट वाटायची वाट बघत होतो बहुतेक. काहीच वाटलं नाही.

आई पडवीत आली. म्हणाली, "हे मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासे घेऊन यायचे, तेव्हा वळणावर गाडी वाजली की मी तवा ठेवायचे. चालू कर रे ती."

जुन्या थरावर नवं लावलं तर तेल गळणारच. हे बाबांनीच शिकवलेलं. म्हणून सगळं खरवडलं, त्या अंगठ्यासकट. आधी फोटो काढायला हवा होता का? सुचलंच नाही. नवं सीलंट मी ब्रशने लावलं. का, कोण जाणे.

जेवताना आईने विचारलं, "जुनं सगळं निघालं ना रे नीट?"

हो म्हटलं, आणि भात कालवत राहिलो.