तेलडबीची उत्तरं

प्रिय बाबा,

फोनवर आपण पावसापाण्याचं बोलतो, तुमच्या गुडघ्याचं बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून हे कागदावर. ईमेलची लिस्ट चालवणारी बाई टपालाने पत्र पाठवते म्हणून आई हसेल, हसू दे.

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्यांची माझी मेलिंग लिस्ट तुम्हाला ठाऊक आहे. एका पत्त्यावर पत्र टाकलं की चारशे जणांना पोचतं. ती सुरू केली ते वर्षही आठवत असेल. मी आपल्या शिवणयंत्र दुरुस्तीच्या दुकानात बसायचं म्हणाले आणि तुम्ही म्हणालात, ‘शिकलीस ना? मग खुर्चीवरची नोकरी बघ. हे काळ्या हातांचं काम आहे.’ तीन दिवस आपण बोललो नाही. चौथ्या दिवशी मी बॅग भरली. कपड्यांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायची नोकरी धरली तेव्हा मला बॉबिनसुद्धा धड भरता येत नव्हती. विचारणार कुणाला? म्हणून ती लिस्ट.

आता जुना सर्व्हर महिनाअखेर बंद होतोय, अकरा वर्षांची पत्रं नव्या ठिकाणी हलवायची आहेत. हाताने हलवायची तर म्हातारी होईन. त्यासाठी प्रोग्रॅमिंगची एक लायब्ररी मिळाली. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या कुणीतरी घडवून ठेवलेली हत्यारं म्हणा. आपण फक्त योग्य ते उचलायचं. सभासद दाखव म्हटलं की दाखवते, जुनी पत्रं महिन्यावार काढ म्हटलं की काढते. आणि मी पडले भोचक. हलवता हलवता प्रश्न सुचायला लागले. सगळ्यात जास्त उत्तरं कुणी दिली असतील? चार ओळी लिहिल्या, एक टोपणनाव आलं: तेलडबी. सहाशे अडतीस उत्तरं.

तेलडबी नसती तर पहिल्या महिन्यातच मला कारखान्यातून काढलं असतं. टाके का सुटतात म्हणून मी पानभर लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘सुई उलटी बसली आहे का बघा. लाज वाटून घेऊ नका, सगळ्यांची एकदा बसते.’ उलटीच होती. कापड पुढे सरकत नव्हतं तेव्हा खालच्या दात्यांत अडकलेला धाग्यांचा बोळा काढायला यांनीच सांगितलं, आणि शेवटी नेहमीसारखं, ‘आधी तेल, मग अक्कल.’ मी त्यांना कुणी निवृत्त कारागीर समजत होते. एकदा आभाराचं लांबलचक पत्र पाठवलं, त्याला उत्तरच नाही.

मग म्हटलं, हे लिहितात तरी कधी? वेळा काढल्या. सगळी उत्तरं दुपारी दोन ते चार. रविवारी एकही नाही. दोन ते चार आपलं दुकान बंद असतं, हे तेव्हा मनात आलं आणि मीच ते झटकलं. जगात कितीतरी दुकानं दुपारची बंद असतात.

शेवटी अडकलेली पत्रं मागवली. सभासद नसलेल्या कुणी पत्र धाडलं तर ते लिस्टवर जात नाही, मी परवानगी देईपर्यंत थांबून राहतं. त्याच्या सूचना मला यायच्या, पण पहिल्याच आठवड्यात जाहिरातींचा इतका चिखल आला की मी सूचनाच बंद करून टाकल्या. पुन्हा कधी तिकडे फिरकले नाही. दोन हजारांवर पत्रं निघाली. बहुतेक कचरा. तळाशी, मी सूचना बंद केल्या त्याच आठवड्यातलं, एक आपल्या दुकानाच्या ईमेल पत्त्यावरून आलेलं.

ते इथे उतरवते, कारण तुम्हाला शब्द आठवत नसतील. ‘सर्व कारागिरांना नमस्कार. ही लिस्ट चालवणारी माझी मुलगी आहे. तिला मी दुकानात बसू दिलं नाही, ती माझी चूक झाली. ती काही विचारेल तर पूर्ण सांगा, अर्धवट सांगू नका. पोरीचा हात चांगला आहे. घाई करते, तेवढं समजावा. आधी तेल, मग अक्कल.’ खाली तुमचं नाव. त्यानंतर चौथ्या दिवशी तेलडबी सभासद झाली. आईला हे माहीत होतं का, ते तिलाच विचारीन.

बाबा, मी त्या पत्राची तारीख पाहिली. मग एकेक वर्ष मोजत गेले. दर दिवाळीच्या भेटीत तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि काहीतरी ऐकायला थांबल्यासारखे गप्प राहायचात. मला वाटायचं, राग अजून गेला नाही. तुम्हाला काय वाटत असेल, ते आता कळतंय: चूक सगळ्या कारागिरांसमोर कबूल केली, पोरीने वाचली आणि एक शब्द बोलली नाही. हे पत्र त्यासाठी. मी गप्प बसले नव्हते, बाबा. मी ते वाचलंच नव्हतं. परवा वाचलं. ते पुढे पाठवायचं की काढून टाकायचं, असे दोनच पर्याय लायब्ररी देते. मी काहीच केलेलं नाही, तुम्ही सांगाल तसं करू. शनिवारी येतेय, आठ दिवसांची रजा टाकून. दुकानात बसणार आहे. या वेळी विचारत नाही, कळवते आहे.

तुमचीच,
काळ्या हातांची लेक