गाळलेला सिग्नल

३ एप्रिल
आलो एकदाचा सोलापुरात. उतरताच उन्हानं कानशिलं शेकली, पण जेवण झकास मिळालं: कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. मेंढ्यांच्या संशोधन केंद्रातली ही नोकरी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. मी रडारचे सिग्नल साफ करणारा माणूस. इथल्यांना साधा आलेख वाचता येत नाही. डीएनएच्या चार अक्षरांना आकडे दिले, की ती ओळ आवाजासारखी लहर होते. त्यात जे ठरावीक अंतरानं परत येतं, ते आलेखात शिखर होऊन दिसतं. चैताली, इथली जीवशास्त्रज्ञ, हे तोंड उघडं टाकून ऐकत होती. कीव आली.

६ एप्रिल
केंद्राच्या कळपाचे नमुने तपासले. दर तीन अक्षरांनी येणारं शिखर अपेक्षितच होतं. शेजारी मात्र आणखी एक बारीक शिखर, सगळ्यांत सारखंच. यंत्राची गुणगुण, दुसरं काय! चैताली म्हणाली, काय आहे ते कळेपर्यंत राहू द्या की सर. या जीवशास्त्रवाल्यांना कचऱ्याचाही लळा. मी फिल्टर लावून फोल्डरमधल्या साऱ्या फायलींतून ते शिखर उडवलं आणि मूळ फायलींवरच साठवलं. अडगळ कशाला ठेवायची?

७ एप्रिल
सकाळी संगप्पा मेंढपाळ धावत आला. "सायेब, मेंढरं दम घ्यायलाच इसरल्यात की! पाट चोळली तर घेत्यात, हात काढला की बंद!" गावंढळ माणूस, मी हसलो. मग मेंढवाड्यात जाऊन पाहिलं. मेंढ्या उभ्या होत्या, डोळे उघडे, कुशी हलत नव्हत्या. एकट्या संगप्पाचे हात किती जणींना पुरणार? दुपारपर्यंत सगळ्या आडव्या.

८ एप्रिल
चैतालीनं मेलेल्या मेंढीच्या रक्तातला डीएनए पुन्हा वाचला. ते शिखर नाही. फिल्टर मी फायलीला लावला होता, मेंढीला नव्हे! तिनंच नमुन्यांचा घोळ घातला असणार, असं सर्वांसमोर सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, नमुने हाताळणाऱ्याचा डीएनए त्याच फोल्डरमध्ये ठेवायची इथली पद्धत आहे, माणसाचा अंश मिसळला तर ओळखता यावा म्हणून. आणि ६ तारखेला नमुने हाताळणारा मी एकटाच होतो.

९ एप्रिल
माझी लाळ पुन्हा वाचली. शिखर नाही. मूळ फाइलही नाही, मीच पुसली.
जेवताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कळलं, छाती गप्प आहे. मुद्दाम श्वास घेतला. डॉक्टरांसमोर जाणूनबुजून घेत राहिलो, म्हणून ते म्हणाले फुप्फुसं उत्तम, मनाचे खेळ आहेत. अडाणी लेकाचे.

१० एप्रिल
झोपता येत नाही. झोपलो तर संपलो. चैताली शेजारी बसून "घ्या सर, घ्या" म्हणते. भीती वाटते. खरंच वाटते. आणि तिच्या आवाजातली ती दया—

पुन्हा १०
हाकललं तिला. मला आठवण करून देणारी बाई लागत नाही. ओरडण्यात सगळा श्वास गेला. मग— घेतला.
लिहिताना लक्षात राहतो.
एक शब्द— घे— एक शब्द— घे—
मेंढरांपेक्षा मी नक्कीच हुशार— माझं मला जमतं— नुसतं लक्ष ठेवायचं आणि